लॅमिनेट केलेला सामुराई

आमच्या ह्यांच्या हाती कागद पडला की तो मोकळा राहत नाही. लग्नाचं सर्टिफिकेट, मुलीचा जन्मदाखला, सगळ्यांच्या मार्कशीट, सासूबाईंच्या अक्षरातली उकडीच्या मोदकांची कृती, गणपतीच्या आरत्या, इतकंच काय, वॉशिंग मशीनचं वॉरंटी कार्डसुद्धा आमच्या घरी प्लास्टिकमध्ये बंद आहे. दुबईपलीकडच्या या आमच्या फुजैराच्या बाजारात एका मल्याळी गृहस्थाचं टायपिंग सेंटर आहे. व्हिसाचे अर्ज भरून देणं हा त्यांचा धंदा. पण हे, म्हणजे सदानंद कुलकर्णी, दारात दिसले की ते आधी लॅमिनेशनच्या मशीनचं बटण दाबतात, कारण ते तापायला वेळ लागतो. मी एकदा म्हटलं, मलाही एकदा त्यातून काढून आणा, म्हणजे सुरकुत्यांची काळजी मिटेल. हे हसले नाहीत. कागदाच्या बाबतीत ह्यांना थट्टा चालत नाही.

तसं त्यांचंही बरोबर आहे म्हणा. ह्यांचा जन्म गेला तेलाच्या टर्मिनलवर, जहाजांची कागदपत्रं सांभाळण्यात. एक शिक्का पुसट आला तर अख्खं जहाज समुद्रात ताटकळत उभं राहतं. त्यातून फुजैराची हवा दमट. खिडकी उघडी राहिली तर कागद पापडासारखा सादळतो. अशा माणसाला प्लास्टिक म्हणजे देवाचं कवच वाटलं तर नवल नाही.

हॉलमध्ये टीव्हीच्या वर आमचा सामुराई आहे. गडद निळ्या कपड्यातला, कमरेला दोन तलवारी, पाय रोवून वाऱ्याच्या विरुद्ध झुकलेला, भुवया अशा की आत्ता ओरडेल. वर कोपऱ्यात जपानी अक्षरांची दाटी. पहिल्यांदा येणारा मराठी पाहुणा हमखास विचारतो की हा कुठला मावळा. मग ह्यांना स्फुरण चढतं. कुणी एक सरदार होता, त्याला शिक्षा म्हणून स्वतःच्या हातानं मरावं लागलं. त्याची सत्तेचाळीस माणसं उघड्यावर पडली. लोकांनी त्यांना भित्रे म्हटलं, नेभळट म्हटलं. ती दीड-दोन वर्षं सगळं गिळून गप्प राहिली आणि एका हिवाळ्यात धन्याचा सूड घेऊन मरणाला सामोरी गेली. पुढे चित्रकारांनी त्या एकेकाचं चित्र काढलं, कारागिरांनी ते लाकडाच्या ठोकळ्यावर कोरलं, आणि प्रत्येक रंगाचा वेगळा ठोकळा करून ते तुतीच्या कागदावर छापलं. एवढं सांगून झालं की हे बाजीप्रभूंवर येतात, आणि बाजीप्रभू खिंडीत उभे राहिले की पाहुण्यांचा चहा गार होतो.

हे चित्र दिलं मोरिता-सान यांनी. ते ह्यांचे पूर्वीचे साहेब. एका जपानी कंपनीचं इथे छोटं ऑफिस होतं, तिथले मॅनेजर. बायको-मुलगी जपानात, आणि ते एकटे इथे. शुक्रवारी आमच्याकडे जेवायला यायचे. थालीपीठ फार आवडायचं, पण एका वेळी एकच घ्यायचे, आणि दुसरं वाढलं की मान लववून तेही संपवायचे. बोलणं मोजकं. माझे सासरे गेले तेव्हा सुट्टीचा दिवस होता. ह्या माणसानं स्वतः तिकीट काढलं, स्वतः गाडी चालवत डोंगरातल्या रस्त्यानं ह्यांना दुबईच्या विमानतळावर नेलं, आणि वाटेत एक शब्द बोलले नाहीत. हे परत आल्यावर म्हणाले होते, छाया, त्या गप्प बसण्यानं मला जेवढा धीर आला तेवढा कुणाच्या बोलण्यानं आला नाही. तेव्हापासून मोरिता-सान आमच्या घरचेच झाले.

मग कंपनीनं इथलं ऑफिस बंद केलं. जायच्या आदल्या दिवशी ते हे चित्र घेऊन आले. त्यांच्या आजोबांकडे सगळ्या सत्तेचाळीस जणांचा संच होता, त्यातलं हे एक. त्यांनी सांगितलं की हा वीर तलवारीपेक्षा कचेरीच्या कामात वाकबगार होता, धन्याचे कागद सांभाळायचा, म्हणून हा सदा-साननं, म्हणजे ह्यांनी, ठेवावा. ह्यांना रडू आवरेना. दुसऱ्या दिवशी साहेबांना निरोप देऊन हे विमानतळावरून थेट टायपिंग सेंटरला गेले.

आता या जानेवारीत मोरिता-सान यांची मेल आली. मुलगी नोकरीनिमित्त दुबईत आहे, तिच्याकडे येतोय, पुढच्या आठवड्यात शनिवारी तुमच्याकडे येईन. पुढे लिहिलं होतं की गावातल्या एका लहानशा संग्रहालयाला आजोबांचा संच द्यायचा ठरवलंय. आपल्या डोळ्यांदेखत तो पूर्ण व्हावा अशी इच्छा आहे. दिलेली वस्तू परत मागणं योग्य नाही हे कळतं, तरी सदा-सान ते चित्र देतील का?

हे ती मेल घेऊन घरभर नाचायचेच बाकी होते. देतील का म्हणजे काय! एवढी वर्षं सांभाळलेली अमानत धन्याच्या हाती सोपवायची, याहून मोठा मान तो कोणता! ह्यांनी मला मेल तीनदा वाचून दाखवली.

त्या आठवड्याच्या शेवटी ईश्वरी घरी आली. ईश्वरी म्हणजे आमची मुलगी, शारजात डिझाइन शिकते, तिथल्याच अल मजाज भागात माझ्या भावाकडे राहते. ती आली तेव्हा हे स्टुलावर चढून ओल्या फडक्यानं सामुराईचं तोंड पुसत होते. पोरगी दारातच थांबली. मग सरळ स्वयंपाकघरात आली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "आई, प्लीज टेल मी दॅट्स अ कॉपी."

मी म्हटलं, कॉपी कसली, अस्सल आहे, दीडशे वर्षांचं.

ती खाली बसली. जन्मापासून ते चित्र भिंतीवर बघत आलेली मुलगी, पण घरातलं कोण निरखून बघतं? या सहामाहीत तिला असल्या छापचित्रांचा अख्खा विषय होता. तिनं समजावलं की हा कागद श्वास घेतो, त्याला ऊन चालत नाही, चिकटवायला खळसुद्धा तांदळाची लागते. आणि लॅमिनेशनमध्ये तर गरम प्लास्टिक कागदात मुरतं. ते परत काढता येत नाही, काढायला गेलं तर रंग त्याच्याबरोबर निघतो. तिनं तो विषय शिकवणाऱ्या सुमैय्या मॅमना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं की हात लावू नका, आता काही होण्यासारखं नाही. भाकरी भाजल्यावर तिचं परत पीठ होत नाही, तशातली गत.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाहेर हा माणूस शीळ घालत काच पुसल्यासारखा दीडशे वर्षांचा कागद पुसतोय! वाटलं, जावं आणि स्टुलासकट खाली उतरवावं. मी हॉलच्या दारापर्यंत गेलेसुद्धा. हे मला बघून म्हणाले, "छाया, बघ, एक डाग नाही. एवढ्या वर्षांत एक डाग नाही." माझा राग तिथेच ओसरला आणि भीती वाटायला लागली. ह्यांना कळलं तर? आयुष्यभरात एका माणसानं ह्यांच्यावर विश्वासानं एक गोष्ट टाकली, आणि ती ह्यांच्याच हातून गेली, तीही जपण्याच्या नादात. हे ऐकून माझा नवरा कोलमडला असता.

मी ईश्वरीला बजावलं की बाबांना एक अक्षर कळता कामा नये. ती म्हणाली, "ही डिझर्व्ह्ज टू नो, आई." मी म्हटलं, तुझं डिझर्व्ह तुझ्या कॉलेजात ठेव. नवरा माझा आहे.

मग मी डोकं चालवलं. चित्राला फ्रेम करायची, चांगली जाड, कडेनं रुंद पांढरा पुठ्ठा म्हणजे प्लास्टिकच्या कडा झाकतील, आणि वर न चमकणारी काच. मोरिता-सान ते तसंच घेऊन जातील. जे काही कळायचं ते जपानात गेल्यावर कळेल. आणि ते एवढे भिडस्त की कधी बोलणार नाहीत. ही लबाडी आहे हे मला कळत होतं. एका भल्या म्हाताऱ्याला मी फसवत होते. पण एका पारड्यात ते आणि दुसऱ्यात हे असं झालं की माझा काटा कुठे झुकतो, हे मला विचारायलाही नको.

ह्यांना मी म्हटलं, राजाला परत दरबारी पाठवताय, मग सिंहासनाशिवाय कसं पाठवणार? ते ह्यांना इतकं पटलं की स्वतःच गाडी काढली. शारजातल्या दुकानात मी ईश्वरीला घेऊन आत गेले आणि ह्यांना पार्किंग शोधायला लावलं. दुकानदार चित्र हातात घेऊन "लेकिन मॅडम, ये तो" म्हणेपर्यंत मी म्हटलं, भाईसाब, मालूम है, आप सिर्फ फ्रेम कीजिये. तो बिचारा कामाला लागला. काम झाल्यावर चित्र असं काही दिसायला लागलं की क्षणभर मलाच वाटलं, काही बिघडलेलंच नाही. ईश्वरी परतीच्या वाटेवर माझ्याशी बोलली नाही.

शनिवारी मोरिता-सान आले. केस पांढरे झालेले, हातात काठी, पण कोटाची घडी तशीच. दारात ते कमरेतून वाकले. त्याच वेळी हे त्यांच्या पायाला हात लावायला वाकले, आणि दोघांची डोकी एकमेकांवर आपटली. दोघंही एकमेकांना सॉरी म्हणत परत वाकले. मी मध्ये पडले नसते तर जेवायला संध्याकाळ झाली असती.

जेवण छान झालं. सुरमई होती, भरली वांगी होती, आणि थालीपीठ. बायको गेल्याचं त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. हे जुन्या जहाजांची नावं घेत होते, आणि साहेब प्रत्येक नावाला मान डोलवत होते. मी मात्र सारखी भिंतीकडे बघत होते.

हात धुतल्यावर मोरिता-सान चित्रासमोर जाऊन उभे राहिले. बराच वेळ बघितलं. म्हणाले, फ्रेम सुंदर आहे. माझा जीव भांड्यात पडला. मग ते जरा संकोचून म्हणाले की चित्राच्या मागे आजोबांचा लाल शिक्का आहे, लहानपणी त्यावर बोट ठेवायचो, तो एकदा बघता येईल का?

मी पुढे झाले. फ्रेम सील केलेली आहे, उघडली तर बिघडेल, कॉफी घेता का, खाली समुद्रकाठी कॉर्निशवर चक्कर मारू या का, काय काय बोलले देव जाणे. पण ह्यांचा साहेब काही मागतोय आणि हे माझं ऐकताहेत, असं कधी झालंय? स्क्रूड्रायव्हर आलासुद्धा. "टू मिनिट्स, सर. खलास." ईश्वरीनं माझा हात घट्ट धरला.

मागची फळी निघाली, पुठ्ठा निघाला, आणि ह्यांनी चित्र दोन्ही हातांवर धरून साहेबांपुढे केलं. अभिमानानं म्हणाले, "सर, बोथ साइड्स लॅमिनेटेड. इतक्या वर्षांत पाण्याचा थेंब लागू दिला नाही."

मोरिता-सान यांनी हात पुढे केला होता, तो तसाच थांबला. मग त्यांनी चित्र घेतलं, उलटं केलं, आणि लाल शिक्क्यावरच्या प्लास्टिकवरून अंगठा एकदाच फिरवला. चेहऱ्यावर काही नाही.

परक्या माणसाला त्या गप्प बसण्यात काही दिसलं नसतं. पण हे त्यांच्या हाताखाली बारा वर्षं राबलेले. साहेबांचं कोणतं गप्प बसणं कशाचं, हे ह्यांना माझ्या बोलण्यापेक्षा जास्त कळतं. ह्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू विरत गेलं. ह्यांनी विचारलं, "सर, काही चुकलं का?"

मला ते बघवेना. मी पुढे होऊन माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हटलं, "मिस्टेक माझी आहे, मोरिता-सान. लॅमिनेशन मी करून आणलं. हे ऑफिसला गेले होते. ह्यांना काही माहीत नव्हतं."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. चारचौघांत ह्या माणसानं माझं बोलणं कधी खोडलेलं नाही, मी दोन आणि दोन पाच म्हटलं तरी. आज हे ताठ उभे राहिले. म्हणाले, "नो, सर. शी इज लाइंग. मी केलं. तुम्ही गेलात त्याच दिवशी, विमानतळावरून येताना. ही तिथे नव्हतीच."

"अहो, तुम्ही गप्प बसा," मी म्हटलं.

"तू गप्प बस," हे म्हणाले. लग्नानंतर पहिल्यांदा.

एवढ्यात मागून ईश्वरी पुढे आली. मला वाटलं, ही आता खरं काय ते सांगून टाकणार. तर ती म्हणाली, "ॲक्च्युअली, इट वॉज मी, मोरिता अंकल. आय वॉज लिटल. स्कूल प्रोजेक्ट होता." आणि आमच्या दोघांच्या मधे उभी राहिली. आठवडाभर मला खरेपणाचे धडे देणारी पोर, आणि डोळ्याला डोळा भिडवून बिनदिक्कत थाप मारत होती.

मोरिता-सान आळीपाळीनं तिघांकडे बघत राहिले. चित्र जपून टेबलावर ठेवलं आणि खुर्चीत बसले. आधी त्यांचे खांदे हलले. मला वाटलं रडतायत. पण ते हसत होते. इतक्या वर्षांत मी त्यांना दात दिसेपर्यंत हसताना पाहिलं नव्हतं. हसता हसता चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले, परत आमच्याकडे पाहिलं, आणि परत हसले.

मग म्हणाले, "मी शिक्षा करू तरी कुणाला? तिघंही पुढे येताय."

ह्यांना हसू आलं नव्हतं. ह्यांनी विचारलं की सर, हे काढता येईल ना? मोरिता-सान खोटं बोलले नाहीत. त्यासाठी त्यांचे उपकारच मानते मी. त्यांनी सांगितलं की नाही, सदा-सान, काढता येणार नाही, आणि असं चित्र संग्रहालय घेणार नाही. ह्यांनी मान खाली घातली. "मग संच अपुरा राहील, सर. माझ्यामुळे."

"अपुरा राहील," मोरिता-सान म्हणाले. ते थोडा वेळ टेबलावरच्या त्या वाकलेल्या, भुवया ताणलेल्या माणसाकडे बघत बसले. मग सावकाश बोलले. "तिथे याची जागा मी रिकामी ठेवायला सांगेन. खाली पाटी लावतात, तिच्यावर लिहीन की हा फुजैराला आहे. अजून कामावर आहे."

ते काठीचा आधार घेऊन उठले. काठी खुर्चीला टेकवली, दोन्ही हातांनी चित्र उचललं, आणि पहिल्यांदा दिलं होतं तसंच वाकून ह्यांच्यापुढे धरलं. ह्यांनी दोन्ही हातांनी ते घेतलं. ह्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात रिकामा नव्हता. मी माझ्या ओढणीनं पुसलं, साहेबांसमोर, मुलीसमोर. मला कुणाची लाज वाटली नाही.

हे माझ्याकडे वळले. "छाया, तू माझ्यासाठी आत्ता..."

मी म्हटलं, "राहू द्या. कळलं मला."